आधी पुळी, मग डाग

सांगली, 14 जून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने सात-आठ पुळ्या, त्यातल्या दोन खोलवर, तोंड न आलेल्या. गालांवर जुन्या पुळ्यांच्या जागी मसुराएवढे डाग. कपाळावर बारीक पुरळ आहे, ते वेगळं प्रकरण असू शकतं, त्याकडे नंतर येतो. आणि खाली तुझा प्रश्न, "बाबा, डाग जायला कुठलं क्रीम घेऊ?"

आज कुठलंच घेऊ नकोस. नवीन पुळ्या येत असताना नुसत्या डागांवर क्रीम लावणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण फरशी पुसत बसलोय, असं आहे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. पुळीच्या जागी दाह झाला की त्या जास्तीचं मेलॅनिन तयार करतात, ते शेजारच्या पेशींत उतरतं, आणि पुळी बसली तरी रंग मागे राहतो. पुळी जितके दिवस सुजलेली राहील, जितकी कुस्करली जाईल, तितका डाग गडद. दाह कशाने झाला याच्याशी त्या पेशींना काही देणंघेणं नसतं. पुळीने झाला, नखाने झाला, स्क्रबने झाला की डाग घालवायला आणलेल्या क्रीमनेच झाला, उत्तर एकच, रंग. म्हणून या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी एवढं लक्षात ठेव: जे तुझ्या चेहऱ्याला झोंबतं, ते डाग ठेवून जातं. तेलकट त्वचेची माणसं इथेच फसतात. झोंबलं की औषध लागू पडतंय असं त्यांना वाटतं.

आधी तुझे डाग कुठल्या जातीचे आहेत ते पाहा. सकाळी खिडकीपाशी उभी राहा आणि पारदर्शक काचेचा ग्लास गालावरच्या डागावर हलकेच दाबून, त्या काचेतून फोटो काढ. दाबल्यावर डाग फिका होऊन जवळजवळ नाहीसा झाला, तर तो लालसर डाग आहे. तिथे रंग साठलेला नाही, दाहामुळे रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसताहेत. त्यावर डाग घालवणाऱ्या क्रीमचा उपयोग नसतो, काही महिन्यांत तो बहुतेक आपसूक जातो. दाबूनही तपकिरी तसाच राहिला, तर तो मेलॅनिनचा. हा वरच्या थरात असतो, काही केलं नाही तरी साधारण सहा महिने ते वर्षभरात फिका होतो, आणि नीट काळजी घेतली तर त्याआधी. निळसर-राखाडी छटा असेल तर रंग खालच्या थरात उतरलाय, त्याला वर्षं लागतात. फोटोत मला बहुतेक तपकिरीच दिसले. दोन्ही गालांच्या हाडांवर सारखाच, नकाशासारख्या कडांचा पट्टा असता तर मी त्याला वांग म्हटलं असतं आणि उपाय वेगळा सांगितला असता. तसं तुझं दिसत नाही.

आता पुळीचं. आज दिसणारी पुळी आज जन्मलेली नसते. तेलग्रंथीचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, त्यात एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणू वाढतात आणि मग दाह होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या बुचापासून लाल पुळीपर्यंत दोनेक महिने जाऊ शकतात. म्हणजे आज सुरू केलेलं औषध ऑगस्टमधल्या पुळ्या थांबवणार, या आठवड्यातल्या नाही. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून ट्यूब बदलणारी माणसं वर्षभर ट्यूबच बदलत राहतात. आणि म्हणूनच औषध पुळीच्या डोक्यावर टिंब देऊन लावायचं नसतं. जिथे जिथे पुळ्या येतात तो सगळा भाग धरून लावायचं.

धुण्याबद्दल आधी सांगतो, कारण तू दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुतेस हे मला माहीत आहे. तेलग्रंथी संप्रेरकांचं ऐकतात, फेसवॉशचं नाही. कितीही वेळा धुतलंस तरी आतलं तेल कमी होणार नाही, वरचं संरक्षक आवरण मात्र फाटेल आणि पुढे लावलेलं प्रत्येक औषध झोंबेल. दोनदा पुरे, सकाळी आणि घरी आल्यावर. आंघोळीचा साबण चेहऱ्याला नको. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. सौम्य, बिनवासाचं फेसवॉश, साधं पाणी, वीस-तीस सेकंद बोटांनी, आणि टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी, 'चकचकीत स्वच्छ' वाटली तर ते फेसवॉश तुझ्यासाठी कडक आहे. मधल्या वेळात लोकलमध्ये घाम आला तर सुती रुमालाने दाबून टिप.

रात्रीचं मुख्य औषध अ‍ॅडापलीन 0.1 टक्के जेल. ते त्या बुचावरच काम करतं, आणि पेशींची उलाढाल वाढवत असल्यामुळे डाग फिके व्हायलाही मदत करतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घे. चेहरा धुऊन दहा-पंधरा मिनिटं थांब, पूर्ण कोरडा होऊ दे. ओलसर त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जळजळ होते. मग वाटाण्याएवढं जेल बोटाच्या टोकावर घे. वाटाण्याएवढं म्हणजे खरंच हिरव्या वाटाण्याएवढं, आणि ते सगळ्या चेहऱ्याला मिळून. कपाळावर एक, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, असे चार ठिपके दे, उरलेला अंश नाकावर, आणि तिथून पातळ पसरव. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजूच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोड. या तीन ठिकाणी सालपटं सगळ्यात आधी निघतात, तिथे आधीच बोटभर व्हॅसलीन फिरवून ठेवलंस तर उत्तम. 15 ग्रॅमची ट्यूब रोज लावून दीड-दोन महिने जायला हवी. तीन आठवड्यांत संपली, तर तू वाटाण्याऐवजी हरभऱ्याची उसळ लावते आहेस.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून. त्रास नसेल तर पाचव्या आठवड्यापासून रोज. वर लगेच मॉइश्चरायझर, हे टाळू नकोस. "माझी त्वचा तेलकट, मला कशाला?" असं म्हणशील. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलकट चेहऱ्यालाही अ‍ॅडापलीनने कोरड पडते, आणि कोरडी, सोललेली त्वचा म्हणजे पुन्हा दाह, पुन्हा डाग. ग्लिसरीन, सेरामाइड असलेलं जेलसारखं हलकं घे, डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं. जास्तच चुरचुरलं तर क्रम बदल, आधी मॉइश्चरायझर, मग अ‍ॅडापलीन, मग परत थोडं मॉइश्चरायझर. तरीही लालसर सोलत असेल तर तीन-चार रात्री पूर्ण सुट्टी घे आणि परत दर तिसऱ्या रात्रीवर ये. सुट्टी घेतली म्हणून केलेलं पाण्यात जात नाही. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटू शकतात, आत दडलेली बुचं वर येत असतात. तिथे घाबरून सोडू नकोस. मात्र चेहरा सुजला, खाज सुटली, पाणी सुटलं, तर ते वेगळं. औषध बंद करून डॉक्टरांना दाखव.

पिवळं तोंड आलेल्या पुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड, तेही 2.5 टक्केच. पाच किंवा दहा टक्क्यांनी पुळ्या त्याहून फारशा कमी होत नाहीत, जळजळ मात्र वाढते. हे औषध कापडाचा रंग उडवतं, तेव्हा उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे वापर. नुसतं क्लिंडामायसिन जेल महिनोन्महिने लावत बसू नकोस. जिवाणू त्याला सरावतात आणि मग ते औषध कुचकामी होतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने, आणि जास्तीत जास्त तीन महिने.

आता सकाळचं. पहिला महिना सकाळी फक्त फेसवॉश आणि सनस्क्रीन. पाऊस सुरू झाला म्हणून सनस्क्रीन कपाटात ठेवू नकोस. ढगांतून अल्ट्राव्हायोलेट किरण येतात, आणि ऑफिसच्या खिडकीची साधी काच यूव्हीबी बरीचशी अडवते, पण रंग गडद करणारे यूव्हीए बरेचसे आत येतात. एसपीएफ 30 ते 50, पीए, म्हणजे यूव्हीए अडवण्याचा दर्जा, तीन किंवा चार प्लस, जेल किंवा मॅट. आपल्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, डाग गडद करतो. साध्या सनस्क्रीनला तो अडवता येत नाही. टिंटेड, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन तो अडवतं. डागांसाठी खर्च करायचाच असेल तर पैसे इथे घाल. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ ओढ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाव. दुपारी घाम टिपून पुन्हा एकदा. या हिशेबाने 50 ग्रॅमची ट्यूब साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत संपते. तुझी ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर एसपीएफ 50 लिहिलेल्या ट्यूबमधून तुला त्याच्या जवळपासही संरक्षण मिळत नाहीये.

महिनाभराने त्वचा रुळली की डागांसाठी सकाळी एक गोष्ट वाढव, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड. 10 टक्के जेलपासून सुरुवात, सोसलं तर 15 किंवा 20 टक्के. पुळी आणि डाग दोन्हींवर चालणारं हे औषध, आणि गरोदरपणातही चालतं, जे अ‍ॅडापलीनबद्दल म्हणता येत नाही. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटं खाजल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं आणि थांबतं. तासभर टिकलं तर मात्र प्रमाण कमी कर. ते अजिबात सोसलं नाही तर चार-पाच टक्क्यांचं नायसिनामाइड. ते रंग शेजारच्या पेशींत उतरण्यात अडथळा आणतं, आणि सौम्य आहे. व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, कोजिक असं सगळं एकाच वेळी दाराशी मागवू नकोस. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन नव्या वस्तूंमध्ये निदान दोन-तीन आठवड्यांचं अंतर. नाहीतर चेहरा उठला तर कशाने उठला हे कळायला मार्ग राहत नाही.

कपाळावरच्या पुरळाबद्दल. सगळे दाणे एकाच आकाराचे आहेत, खाजतात, घामाने वाढतात, छातीवर-पाठीवरही आहेत, असं असेल तर ते मुरूम नसून रोमछिद्रांत वाढलेली बुरशी असू शकते. मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं. त्याला अँटिबायोटिक दिलं तर ते वाढतं, बुरशीवरच्या औषधाने दोन-चार आठवड्यांत बसतं. डॉक्टरांना "खाजतं" हे आवर्जून सांग, फोटोवरून ते कळत नाही. दुसरी शक्यता तेल. शनिवारी रात्री डोकं तेलाने निथळवून सकाळपर्यंत तसंच झोपायचं, ही आईची पद्धत तुझ्या केसांना मानवते, कपाळाला नाही. खोबरेल रोमछिद्रं बुजवतं. तेल केसांच्या लांबीवर लाव, टाळूला अगदी थोडं, दोन तासांत धुऊन टाक, आणि कंडिशनर धुतल्यावर कपाळ-मान पुन्हा एकदा पाण्याने धू. तिसरी शक्यता, तुला मध्यंतरी बी-12 ची इंजेक्शनं चालू होती. काही जणांना त्याने अचानक एकसारखं पुरळ उठतं आणि इंजेक्शनं थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. तुझं बी-12 कमी होतं, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, पण डॉक्टरांना तारखा सांग. जिमवाल्यांच्या सांगण्यावरून व्हे प्रोटीन चालू केलं असशील तर तेही सांग. काही जणांच्या पुळ्या त्याने भडकतात, दोन महिने थांबवून पाहायला हरकत नाही. वडापाव-भजी बंद केल्याने मुरूम जातात, असं मी सांगणार नाही. साखर आणि मैद्याचं प्रमाण कमी केल्याने काहींना फरक पडतो, इतकंच.

हनुवटी आणि जबडा, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात जोर, हे मात्र संप्रेरकांकडे बोट दाखवतं. तिशीच्या आसपासच्या बायकांत हे सर्रास दिसतं, आणि पुष्कळदा रक्ताचे रिपोर्ट नॉर्मलच येतात. तेलग्रंथीच अँड्रोजेनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना, जास्त हळव्या असतात. तरीही पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, भांग रुंदावत असेल, किंवा मान मखमलीसारखी काळपट झाली असेल, तर पीसीओडीची तपासणी कर. ती मानेची काळपटी घासून जात नाही, ती बहुतेकदा इन्सुलिनची खूण असते. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी उपाशीपोटी दे: टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, उपाशीपोटी साखर, आणि सोबत सोनोग्राफी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना संप्रेरकांचे आकडे फसवे येतात, म्हणून त्या सुरू करायच्या आधी तपासून घे. अशा मुरमांवर डॉक्टर विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. दोन्हींचा परिणाम दिसायला तीन महिने लागतात, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहता कामा नये.

आता ज्यासाठी हे पत्र लांबवलं, तिथे येतो. तुझ्या रूममेटने दिलेली ती ट्यूब, "आठ दिवसांत चेहरा स्वच्छ होतो" म्हणाली ती. घरात असेल तर आता उठून आण आणि मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन अशी तीन नावं एका खाली एक असतील. किंवा बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं. नावाच्या शेवटी 'सोन', 'सॉल', 'लोन' दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, कारण ती बहुधा स्टेरॉइडं असतात. या तिहेरी मिश्रणाचं मूळ 1975 सालच्या क्लिगमन आणि विलिस यांच्या सूत्रात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वांगासारख्या आजारावर, थोडे आठवडे वापरायचं ते औषध. आपल्याकडे ते गोरं व्हायचं क्रीम म्हणून वाण्याच्या दुकानापर्यंत पोचलं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं, रंग बनवणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, त्यामुळे आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखर उजळ आणि गुळगुळीत दिसतो. फसवणूक तिथेच आहे. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, गालांवर लाल रेषा दिसू लागतात, बारीक लव वाढते, एकसारख्या पुळ्यांचं रान उठतं. बंद केलं की चेहरा तापतो, जळतो, उन्हात उभं राहवत नाही, म्हणून माणूस परत तेच लावतो. 2008 मध्ये भारतातल्याच त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलं, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची मोकळी विक्री थांबवून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आणली. कायदा झाला, पण ट्यूब अजूनही हातोहात फिरते, आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून हे पाहताना मला चीड येते. त्या ट्यूबच्या वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना असते, ती नक्षी म्हणून छापलेली नाही. तू आठवड्यापेक्षा जास्त दिवस लावली असशील तर मला सरळ सांग, रागावणार नाही. एकदम तोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवावी लागेल.

तसंच बिनपत्त्याच्या, उत्पादकाचं नाव नसलेल्या, परदेशातून आलेल्या डब्यांचं. त्यात पारा असू शकतो. पारा मेलॅनिन बनू देत नाही, पण कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळमध्ये मलप्पुरमला 2023 साली अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचे विकार सापडले. लघवीला फेस येणं, पायांवर सूज, ही त्याची लक्षणं. आपल्या कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग याच्या वर चालत नाही.

घरगुती उपायांचं थोडक्यात. लिंबू नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि रस-सालीतल्या घटकांमुळे ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात. खायचा सोडा, टूथपेस्ट, लसूण नको. मुलतानी माती आठवड्यातून एकदा, पूर्ण वाळून तडकायच्या आत धुतलीस तर चालेल, पण अ‍ॅडापलीनच्या पहिल्या दोन महिन्यांत तीही नको. डाळीचं पीठ लावून घासणं नको, घासण्यानेच रंग गडद होतो. आत्या सांगते ती साय तुझ्या चेहऱ्याला मुळीच नको. कपाळावर टिकलीच्या जागी काळपटी दिसली तर टिकलीचा गोंद किंवा कुंकवातला रंग बदलून पाहा.

पार्लरमध्ये आयब्रो कर, बाकी फेशियल, ब्लीच, वाफ, काळे काढणं सध्या बंद. पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर क्रीमने पंधरा मिनिटं चोळणं म्हणजे बुजलेल्या तोंडांत आणखी भर. अ‍ॅडापलीन चालू असताना ओठांवर वॅक्स केलंस तर कातडीच निघून येऊ शकते. थ्रेडिंगही हळू हाताने, आणि त्याच्या दोन रात्री आधीपासून त्या जागी जेल लावू नकोस. आणि हात! मीटिंगमध्ये तुझं बोट हनुवटीवर जातंच. पुळीवर हायड्रोकोलॉइडचा गोल पॅच चिकटवून ठेव, औषधापेक्षा त्याचा उपयोग बोट अडवायला जास्त. खोल गाठ दुखत असेल तर दाबू नकोस, त्वचातज्ज्ञ त्यात अगदी पातळ केलेल्या स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांत ती बसते. स्टेरॉइडची भीती घातली ती मलमाच्या गैरवापराची, हे लक्षात ठेव.

डॉक्टर निवडताना पाटीवरचं 'स्किन अँड लेझर' बघू नकोस, डिग्री बघ: एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, त्वचारोगशास्त्रातली. पहिल्याच भेटीत लेझरचं पॅकेज सांगितलं तर उठून ये. चालू पुळ्यांवर, आपल्या रंगाच्या त्वचेत, लेझरने नवे डाग पडण्याचा धोका असतो. पील, म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलणं, करायचं तर पुळ्या आटोक्यात आल्यावर, आधी आठवडाभर अ‍ॅडापलीन बंद ठेवून. तेलकट त्वचेला 20 ते 30 टक्के सॅलिसिलिक बरं, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा. ते आपोआप निवतं. ग्लायकोलिक वेळेवर निष्प्रभ करावं लागतं, म्हणून घरी मागवलेल्या बाटलीने ते करायचं नाही.

गाठी वाढल्या, खड्डे पडू लागले, तर आयसोट्रेटिनॉइनची गोळी घ्यायला कचरू नकोस. खड्डे डागांसारखे आपोआप जात नाहीत, तिथे उशीर महाग पडतो. एकूण मात्रा वजनाच्या किलोमागे 120 ते 150 मिलिग्रॅम धरतात. तुझ्या 55 किलोला निदान 6,600, म्हणजे रोज 20 मिलिग्रॅमने अकरा महिने. जेवणाबरोबर घ्यायची, पोटात तूप-तेल असेल तर ती नीट शोषली जाते. आधी आणि मधे यकृत आणि चरबीची रक्ततपासणी. सुरू करायच्या महिनाभर आधीपासून ते संपल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, यात कुठलीही सूट नाही, बाळात गंभीर व्यंग येतं. त्या काळात रक्तदान नाही, डॉक्सिसायक्लिन नाही, व्हिटॅमिन ए च्या गोळ्या नाहीत. ओठ फुटतील, लिप बाम खिशात ठेव. मन उदास राहू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि मलाही.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, त्याच खिडकीपाशी, चेहरा धुऊन, मेकअप आणि फिल्टर न लावता तीन फोटो काढ: समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग दर चौथ्या रविवारी तसेच. मधल्या दिवसांत आरशाजवळ जाऊन डाग मोजू नकोस, रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. गणपतीला घरी येशील तेव्हा बारा आठवडे झालेले असतील, पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवून आपण बघू आणि पुढे काय ते ठरवू.

आई ठीक आहे. तिला तेलाचं मी समजावतो.

तुझा,
बाबा

ता. क. अ‍ॅडापलीनची ट्यूब उघडशील त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनने लिही. आणि ती बाथरूमच्या खिडकीत ठेवू नकोस, कपाटात ठेव.